पन्नास पट दाब आणि एक अंगठा

आमच्या गॅरेजमध्ये इंजिनाचं कॉम्प्रेशन, आतला दाब, मोजायचं यंत्र नव्हतं. म्हणजे होतं, पण ते आमच्या ह्यांच्या उजव्या हाताला होतं. इंजिनाचा प्लग काढायचा, त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि मला ओरडून सांगायचं, "मार सेल्फ!" मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून चावी फिरवायची. इंजिन अंगठ्याला आतून धक्के द्यायचं आणि हे डोळे मिटून, मान तिरकी करून उभे राहायचे. मग एकेका सिलिंडरचा निकाल लागायचा. "दोन नंबर गेला. रिंगा संपल्यात." उघडून बघितलं की पिस्टनच्या रिंगा संपलेल्याच असायच्या. वालीवमधले दुसरे मिस्त्रीसुद्धा अडले की ह्यांना बोलावून न्यायचे, नुसता अंगठा लावायला. ह्यांना त्याचा इतका अभिमान की मी जेवायला वाढताना म्हणायची, "तो अंगठा जरा बाजूला ठेवा, ताटात जागा पुरत नाही."

आम्ही तेव्हा विरारला मनवेलपाड्यात राहायचो आणि गॅरेज वालीवला, पॉवर प्रेसच्या कारखान्यांच्या रांगेत, पत्र्याच्या शेडखाली. गॅरेज दोघांचंच. सकाळी घरचं आटपून मी ह्यांच्या मागे स्कूटरवर बसायची. फोन घ्यायची, गिऱ्हाइकांना थोपवून धरायची, प्लग घासायची आणि सेल्फ मारायची. बायको गॅरेजमध्ये कशाला, असं लोक सुरुवातीला बोलले. नंतर त्यांच्याच लक्षात आलं की मिस्त्री तोंडाचे फटकळ आहेत आणि गाडी वेळेवर हवी असेल तर वहिनींशी बोलावं लागतं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कार्बोरेटरवाल्या गाड्या हळूहळू कमी होत होत्या आणि इंजेक्शनवाल्या नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. ह्यांना ते काही फारसं पटत नव्हतं. "इंजेक्शन डॉक्टरने द्यावं," म्हणायचे. पण पोटासाठी त्याही गाड्या करत होते, आणि करताना जुनीच पद्धत वापरत होते. पेट्रोल येतंय का बघायचं तर पाइप सोडवायचा, तोंडाला अंगठा लावायचा आणि मला हाक मारायची. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल अंगठ्याला गुदगुल्या केल्यासारखं लागायचं. नव्या गाड्यांत जरा जोरात यायचं, शर्ट भिजायचा, डोळ्यांत उडायचं. पण अंगठा तोच चालला. त्यामुळे इंजिनं बदलली तरी आपल्याला काही बदलायची गरज नाही, असं ह्यांचं पक्कं मत झालं.

त्या सुमाराला एक माणूस गाडी घेऊन आला. वसईच्या पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातला, तिशीचा, घरची केळीची आणि फुलांची वाडी. बरीच वर्षं केनियात हॉटेलात नोकरी केली होती आणि परत येताना तिथे वापरलेली छोटी जपानी गाडी बोटीने घेऊन आला होता. गाडी दिसायला गोड, मोतिया रंगाची. पण आमच्या शेडमध्ये शिरतानाच दोनदा बंद पडली.

"मिस्त्री, रविवारी माझ्या बहिणीचं लग्न आहे," तो म्हणाला. "आमच्यात नवरी घरून चर्चला गाडीतून जाते. पुढे बँड, मागे सगळं गाव. गाडी मी चालवणार, असा शब्द दिलाय तिला. आणि ही नेमकी सावकाश चाललं की मरते."

दुखणं त्याने व्यवस्थित सांगितलं. सकाळी चालू व्हायला खूप वेळ घेते. चालू झाली की काळा धूर. उभी असली की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आपोआप वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. हायवेला पळवली की उत्तम, आणि माणसाच्या चालीने चालवली की धाप लागून बंद. वरात म्हणजे तर सगळी माणसाच्याच चालीने. मला त्याच्या बहिणीची काळजी वाटली, कधी न पाहिलेल्या.

ह्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग विचारलं, "ह्याचं पेट्रोल जातं कुठून?"

तो माणूस उत्साहाने सांगायला लागला. पंधराशे सीसी, चार सिलिंडर, सोळा वाल्व्ह, हे सगळं नेहमीचं. पण बाकीच्या गाड्यांत हवा आणि पेट्रोल बाहेर एकत्र होऊन आत जातात, तसं ह्यात नाही. ह्यात हवा एकटी आत जाते आणि पेट्रोल वेगळ्या नळीने थेट सिलिंडरच्या पोटात फवारलं जातं. त्यामुळे थोड्या पेट्रोलवर जास्त पळते. टाकीतला पंप पेट्रोल इंजिनापर्यंत आणून सोडतो. तिथे दुसरा पंप असतो, तो इंजिनाच्याच जोरावर फिरतो आणि पेट्रोलला दाबतो.

"पन्नास पट," तो म्हणाला.

"कशाच्या पन्नास पट?" मी विचारलं.

"हवेच्या दाबाच्या, वहिनी. टायरमध्ये आपण हवा भरतो ना, साधारण त्याच्या पंचवीस पट. तिकडचा मेकॅनिक सांगायचा, ह्या पंपाला पेट्रोल स्वच्छ लागतं. त्याची जाळी फार बारीक असते."

"मग इथे कसं व्हायचं?" हे म्हणाले. "आपल्या पंपावर पेट्रोल कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त मिळतं." दोघं हसले. पन्नास पट हा आकडा हसण्यात वाहून गेला. माझ्या मात्र डोक्यात राहिला, कारण टायर फुटताना मी एकदा जवळ उभी होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी वालीवच्या कारखान्यांची वीज बंद असायची, त्यामुळे गल्लीत शांतता. ह्यांना शुक्रवार आवडायचा, इंजिनाचा आवाज नीट ऐकू येतो म्हणून. सकाळीच गाडी हातात घेतली. प्लग काळे पडले होते, ते घासून परत बसवले. टाकीकडून येणारा रबरी पाइप सोडवला, अंगठा लावला, मी सेल्फ मारला. पेट्रोल बरोबर येत होतं. पाइप परत जोडला. मग हे त्या दुसऱ्या पंपाकडे वळले. पंपातून एक बारीक स्टीलची नळी निघत होती, पेन्सिलीपेक्षाही बारीक, आणि पुढे चारही सिलिंडरना पेट्रोल वाटणाऱ्या पट्टीला जोडलेली होती. ह्यांनी पाना लावून तिचा नट अर्धा फेरा सैल केला.

"अहो, तिथे पन्नास पट म्हणाले होते ना ते?" मी सीटवरूनच म्हटलं.

"अगं, पंप मेलाय म्हणून तर गाडी मरते. मेलेल्या पंपाला दाब कसला?"

ह्यात चूक कुठे होती ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ऐकायला अगदी बरोबर वाटत होतं. ह्यांनी नटाखाली अंगठा धरला.

"मार सेल्फ!"

मी मारला. इंजिन नुसतं घरघरलं.

"काही नाही. परत मार."

परत मारला. पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा चावी फिरवली आणि गाडी अचानक पेटली, भक्कन, जणू तिला काही झालंच नव्हतं. त्याच क्षणी बॉनेटमागून "हं" असा आवाज आला. किंकाळी नव्हे, नुसतं हं. बारीक धुक्यासारखं पेट्रोल उडताना दिसलं. ह्यांचा आवाज बदलला की आधी चावी बंद करायची, ही माझ्या हाताला इतक्या वर्षांची सवय होती. मी बंद केली आणि धावले. एवढ्या पेट्रोलात एक ठिणगी पडली असती तर काय, एवढंच डोक्यात होतं.

हे हसत होते. "आहे की पंप जिवंत!" म्हणाले. अंगठ्याच्या पेरावर मधोमध एक लाल ठिपका होता, सुई टोचल्यासारखा, त्यावर रक्ताचा एक थेंब. ह्यांनी तो चिंधीला पुसला.

चावी मी फिरवली हे खरं. पण अंगठा त्यांनी लावला होता. पुढे लोक मला समजवायला यायचे, वहिनी, मनाला लावून घेऊ नका म्हणून. मी कशाला लावून घेऊ? मला राग आला होता, आणि तो आजही आहे. जगातला सगळा शहाणपणा आपल्या एका अंगठ्यात आहे असं समजणाऱ्या माणसाशी संसार केला की रागाला तोटा नसतो.

मी ह्यांना ओढतच नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं, निदान धनुर्वाताचं इंजेक्शन तरी घ्या म्हणून. तिथल्या डॉक्टरांचा सगळा दिवस प्रेसच्या कारखान्यातली तुटलेली बोटं बघण्यात जायचा. त्यांनी ठिपका पाहिला आणि माझ्याकडे बघून हसले. "वहिनी, ह्याला मी जखम म्हटलं तर माझे बाकीचे पेशंट मला मारतील." इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मीही ठिपकाच बघत होते.

दुपारी ह्यांनी पंप काढून टेबलावर उघडला. मी समोर बसून भाजीच्या शेंगा सोलत होते आणि बघत होते. हे मधूनच हात झटकायचे. विचारलं तर म्हणाले, मुंग्या आल्यात. मग एक नट हातातून खाली पडला. उचलला, पुन्हा पडला. इतक्या वर्षांत ह्यांच्या हातून काही पडलेलं मी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकांवर ओरडताना शब्द घसरायचे, वस्तू नाही.

"बघू," मी म्हटलं.

"काही नाही झालेलं."

"मी विचारत नाहीये. दाखवा."

अंगठा सुजून गुळगुळीत झाला होता आणि त्याचा रंग गेला होता. लाल नव्हे, पांढरा. बाकीची बोटं काळी, तेलकट, जिवंत दिसत होती, आणि हा एकटाच पीठ लावल्यासारखा फिकट. हात लावला तर गार लागला. एप्रिलच्या उकाड्यात, पत्र्याच्या शेडखाली, गार. मी म्हटलं, आपण परत दवाखान्यात जाऊ. हे म्हणाले, रविवार दोन पावलांवर आलाय, पंप उघडा पडलाय, आणि तू मला ठिपका दाखवायला फिरवतेस.

संध्याकाळी स्कूटरवर बसलो. गोखिवऱ्यापर्यंत येईतो माझ्या लक्षात आलं की हे ॲक्सिलरेटर तळहाताने फिरवतायत, अंगठा वर काढून. खड्डा आला तशी स्कूटर डुगडुगली आणि समोरून येणाऱ्या टेम्पोच्या बाजूला गेली. मी ओरडले.

घरी आल्यावर हात धुण्याचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. पेट्रोलचा वास असलेल्या हाताला मी ताट देत नसे. आधी साबणाने, मग बेसनाने, मग लिंबाच्या सालीने. त्या दिवशी मीच ह्यांचे हात धुतले, लहान मुलाचे धुवावेत तसे. पुसले, नाकाशी नेले. लिंबाचा वास आला. मग मी अंगठ्याचं पेर जरा दाबलं. ठिपक्यातून पाण्यासारखा एक थेंब वर आला आणि स्वयंपाकघरात पेट्रोलचा वास सुटला.

ओट्यावर गॅसवर भात होता. मी आधी गॅस बंद केला. मग तशीच उभी राहिले. मला काय दिसतंय ते मला कळत होतं, पण त्याचा अर्थ मनाला कबूल होईना. पेट्रोल हाताला लागलेलं नव्हतं, हाताच्या आत होतं. सकाळपासून आत होतं. आम्ही त्याच्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन, डबा खाऊन, काम करून घरी आलो होतो.

शिवणाच्या डब्यातून सुई काढली आणि ह्यांना म्हटलं, तिकडे बघा, मी टोचतेय. ह्यांनी तोंड फिरवलं. मी टोचली. थोडा वेळ गेला.

"टोच ना," हे म्हणाले. "थांबलीस कशाला?"

सुई अंगठ्यात होती.

त्यानंतर मी ह्यांना काही विचारलं नाही. गॅरेजच्या मोबाइलवरून दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितलं, धुतलेल्या हातातून पेट्रोल येतंय आणि सुई टोचलेली कळत नाही. त्यांनी विचारलं, "पंपाचं प्रेशर होतं का त्याला?" मी म्हटलं, पन्नास पट. ते म्हणाले, "वहिनी, सकाळची वाट बघू नका. वसईला हातांचं ऑपरेशन करणाऱ्या एक डॉक्टर आहेत, मी त्यांना आत्ता फोन करतो. तुम्ही निघा. मिस्त्रींना काही खायला देऊ नका."

भात तसाच ठेवून आम्ही रिक्षा पकडली. रिक्षात हे अंगठा उंच धरून बसले होते आणि मला रविवारचं गणित सांगत होते. पंप आज रात्रीत बसवला तर उद्या ट्रायल, परवा सकाळी वरात. मी बाहेर बघत होते. मध्येच ह्यांचं बोलणं थांबलं. पाहिलं तर हे डाव्या हाताच्या बोटांनी उजवा अंगठा चाचपत होते, पुन्हा पुन्हा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

वसईच्या त्या डॉक्टरीणबाई वयाने ह्यांच्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी अंगठा धरला, दाबला, नख दाबून रंग परत येतो का पाहिलं. आला नाही.

"पेट्रोलच होतं ना? ग्रीस नाही?"

"पेट्रोल," हे म्हणाले.

"दाब किती?"

आणि आमचे हे, ज्यांनी तो आकडा हसण्यावारी नेला होता, खालच्या आवाजात सगळं म्हणून दाखवायला लागले. पंधराशे सीसी. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. हवेच्या दाबाच्या पन्नास पट. नट अर्धा फेरा सैल होता. इंजिन पेटलं होतं. परीक्षेत उत्तर द्यावं तसं एकही शब्द न चुकता. मला तेव्हा कळलं की ह्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाईंनी सांगितलं ते असं. भोक टाचणीएवढं असलं तरी आत गेलेलं पेट्रोल अंगठ्यापुरतं थांबत नाही. शिरेच्या वाटेने पुढे पसरतं आणि वाटेतलं मांस मारत जातं. दुखत नाही म्हणून माणूस उशीर करतो, आणि दुखत नाही ते बरं आहे म्हणून नव्हे, आतलं मेलंय म्हणून. "आत्ता अंगठा उभा उघडून धुतला तर कदाचित वाचेल. उद्या सकाळी आलात तर अंगठा काढायचा की पंजा, एवढंच मला ठरवावं लागेल."

हे म्हणाले, "रविवारनंतर केलं तर?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी आजवर परक्या माणसासमोर ह्यांना कधी उलटून बोलले नव्हते. जे काय असेल ते घरी. त्या दिवशी मी त्या खोलीत, त्यांच्या नर्ससमोर, इतक्या मोठ्याने बोलले की बाहेरचे लोक दाराशी आले. "कुणाची वरात अडलीय तुमच्यावाचून? ती पोरगी चालत जाईल चर्चला! रिक्षातून जाईल! तुम्हाला अंगठा नसेल तर मी कुणासाठी सेल्फ मारू?" शेवटचं वाक्य मला म्हणायचं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि मग मला रडू फुटलं. हे उठले, माझ्याजवळ आले, आणि डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. "कर सही," म्हणाले. ह्यांना पेन धरता येत नव्हतं.

ह्यांना आत नेलं. बाहेर बाकड्यावर मी एकटीच. थोड्या वेळाने तो गाडीवाला धावत आला. दवाखान्यातले डॉक्टर त्याच्या ओळखीचे होते, त्यांच्याकडून त्याला कळलं होतं. लग्नघरातूनच उठून आला होता, शर्टाला फुलांच्या पाकळ्या चिकटलेल्या. काही बोलायच्या आत मी त्याच्यावर तुटून पडले. तुमच्या त्या गाडीला आग लागो, म्हटलं. केनियातच सोडून यायची होती. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मला माहीत होतं की त्याचा काही दोष नाही. त्यानेच एकट्याने दाबाचं सांगितलं होतं. पण राग कुठेतरी ठेवायला जागा लागते, आणि तो समोर उभा होता. माझं बोलून संपल्यावर तो बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि ओठांत प्रार्थना म्हणायला लागला. मीही माझ्या देवाला हात जोडले. दोघं दोन टोकांना, दार उघडायची वाट बघत.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "अंगठा सध्या ठेवलाय," म्हणाल्या. "जखम उघडी ठेवलीय. परत धुवावी लागेल. राहील का ते दोन-तीन दिवसांत कळेल."

ते दिवस कसे गेले ते विचारू नका. पट्टी सोडायची वेळ आली की मी भिंतीकडे तोंड करायची आणि बाईंचा श्वास ऐकायची. रविवारी दुपारी गाडीवाला आला, सूट घातलेला, हातात केकची खोकी आणि घरच्या वाडीतल्या केळ्यांच्या सुकेळ्यांची पुडी. नवरी मामाच्या गाडीतून गेली, म्हणाला. बँडवाल्यांनी छान वाजवलं. ह्यांनी विचारलं, "बंद नाही ना पडली मध्ये?" तो म्हणाला, नाही मिस्त्री, नाही पडली. ह्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे वळून झोपले.

अंगठा राहिला. बाईंनी दोनदा पुन्हा उघडून धुतला, मांडीची कातडी काढून लावली. तो अर्धाच वाकतो आणि पुढच्या पेराला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, धक्का नाही. घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी हे मला न सांगता गॅरेजवर गेले होते. मी मागून पोचले तर एका जुन्या गाडीच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून उभे होते आणि शेजारचा मिस्त्री सेल्फ मारत होता. डोळे मिटलेले, मान तिरकी, सगळं पूर्वीसारखं. मग डोळे उघडले. "राहू दे," म्हणाले, आणि जाऊन स्टुलावर बसले. त्या दिवशी मी ह्यांना एकही टोमणा मारला नाही, आणि ह्यांनाही ते जाणवलं असणार.

ती मोतिया गाडी तोवर आमच्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गाडीवाला म्हणत होता, मुंबईला नेतो. हे नेऊ देईनात. शेवटी एका सकाळी मीच ताडपत्री ओढली. "सांगा," म्हटलं. "हात माझे."

मग ती गाडी आम्ही केली, ह्यांच्या तोंडाने आणि माझ्या हातांनी. पुन्हा कधी नळी सोडवायची तर आधी टाकीतल्या पंपाची वीज तोडायची. इंजिन आपलं आपण बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे नळीतलं पेट्रोल संपतं. ते थंड होऊ द्यायचं. त्यानंतरच पाना, आणि तोही नळीवर कापड गुंडाळून. ह्या सगळ्याची ह्यांनी माहिती काढली होती, कुठून कुठून फोन करून. तोवर टेबलावर पडून असलेल्या पंपाच्या आतली जाळी घाणीने बुजली होती, आमच्याकडच्या पेट्रोलची कृपा. आणि हवा आत जाते त्या वाल्व्हवर करपलेल्या कढईसारखा काळा थर. बाकीच्या गाड्यांत पेट्रोल वाल्व्हवरून वाहत जातं, म्हणून तो धुतला जातो. ह्यात पेट्रोल थेट आत पडतं आणि वाल्व्ह कोरडाच राहतो, इंजिनाच्या तेलाची वाफ त्यावर भाजत बसते. मी तो थर खरवडला, स्वयंपाकघरातल्या सरावाने. जाळी धुतली, पंप परत बसवला. गाडी चालू झाली आणि उभ्या जागी एका सुरात चालत राहिली. काटा हलला नाही. गाडीवाल्याने तिला गल्लीतून माणसाच्या चालीने नेलं आणि परत आणलं. आमच्याकडे बघून त्याने हॉर्न वाजवला.

तेव्हापासून आमच्या गॅरेजमध्ये जागा बदलल्या. मी बॉनेटपाशी आणि हे ड्रायव्हरच्या सीटवर. "मार सेल्फ" मी म्हणते. पण हे लगेच मारत नाहीत. काचेतून ओरडतात, "हात दाखव!" मग मी पाना खाली ठेवून दोन्ही हात बॉनेटच्या वर, ह्यांना दिसतील असे उंच धरायचे. हे बघतात, आणि मगच चावी फिरते. गिऱ्हाईक हसतात. मी पण सुरुवातीला वैतागायची. दिवसातून किती वेळा हात वर करायचे, मी काय चोर आहे?

एकदा गंमत म्हणून मी उजवा अंगठा तळहातात दुमडून हात वर केले. चार बोटं दाखवली. काचेआडून ह्यांचा चेहरा दिसला. हे दार उघडून बाहेर आले, चावी हातात घेऊन, माझ्यापाशी आले आणि माझी मूठ उलगडून अंगठा बाहेर काढला. त्या न कळणाऱ्या पेराने कळेना, म्हणून डाव्या हाताने तो चाचपून पाहिला. मग परत जाऊन सीटवर बसले आणि बराच वेळ चावी फिरवलीच नाही.

आता हे ओरडायच्या आधीच मी हात वर करते. दहाही बोटं पसरून.